अकरा नंबरची तूट

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला : अकरा नंबर दूध संकलन केंद्राचा नऊ बिलांचा तक्ता काढून ठेवा, रंगीत. दूध संघात दहा दिवसांचं एक बिल, म्हणजे नऊ बिलांचे तीन महिने. या तीन महिन्यांत अकरा नंबर एकदाही हिरवं झालं नव्हतं. ठरावाचा मसुदा तयारच होता. सचिवाला कमी करायचं, सुमारे ३,३०० लिटर तुटीची वसुली लावायची, केंद्र बंद करून दूध शेजारच्या बारा नंबरला वळवायचं.

प्रिंटरचं रंगीत कार्ट्रिज संपलं होतं. काळापांढरा कागद हातात आला. रंग गेले की माणूस नाइलाजाने आकडे वाचतो. नऊ नंबरपुढे दिवसाला ११ लिटर, बारा नंबरपुढे ८, आणि दोन्हींच्या आधी अधिकचं चिन्ह. म्हणजे या दोन केंद्रांनी शेतकऱ्यांकडून घेतलं त्यापेक्षा जास्त दूध संघात पोचलं. टाकीत दूध वाढत नाही. पाणी घातलं तर वाढेल, पण मग डिग्री (लॅक्टोमीटरचं माप) पडते, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ, खाली येतो. तसं काही नव्हतं. आकड्यांना रंग देणारा हा तक्ता, म्हणजे डॅशबोर्ड, माझाच, रंगांचा नियमही माझाच : तूट अर्ध्या टक्क्यापर्यंत हिरवी, एक टक्क्यापर्यंत पिवळी, पुढे लाल. वाढ दिसू शकेल हे मी धरलंच नव्हतं, त्यामुळे वाढही हिरवीगार. संचालक मंडळी ते हिरवे चौकोन मोबाइलवर एकमेकांना पाठवत होती.

केंद्रावर मोजलं, संघात मोजलं, वजाबाकी केली, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात केंद्रावर शेतकऱ्याचं दूध काट्यावर किलोत तोललं जातं आणि काटा ते वजन ठरावीक घनतेने, आमच्याकडे १.०३ ने, भागून लिटर दाखवतो. पावती त्या लिटरची. मग दूध बल्क कूलरच्या टाकीत जातं आणि ४ अंशांपर्यंत थंड होतं. टँकर यायच्या आधी सचिव टाकीत डिपस्टिक, म्हणजे खुणांची मोजपट्टी, सोडतो, ओली खूण मिलिमीटरमध्ये वाचतो आणि त्याच टाकीच्या चार्टवर लिटर शोधतो. या मापाला आम्ही डिप म्हणतो. टँकर चार केंद्रांचं दूध एकाच पोटात घेऊन संघात येतो. भुईकाट्यावर भरल्या वजनातून रिकामं वजन वजा, भागिले १.०३. आता त्या एका आकड्यात अकरा नंबरचं किती? ते कोणीच मोजलेलं नसतं. सॉफ्टवेअर डिपच्या प्रमाणात चौघांत वाटून देतं.

थोडक्यात, ज्याला आम्ही केंद्राची तूट म्हणत होतो ती मोजलेली नव्हती, वाटलेली होती. दोन्ही अर्थांनी.

वाटणीची पद्धत मूर्खपणाची नाही, हे सांगायला हवं. थंड दूध आकसतं. ४ अंशांना त्याची घनता १.०३५ च्या आसपास जाते, काटा मात्र १.०३ धरून बसलेला. त्यामुळे एक थेंब न सांडताही डिप काट्यापेक्षा साधारण अर्धा टक्का कमीच येते. हा फरक सगळ्या केंद्रांवर सारखा, म्हणून प्रमाणात वाटलं की तो आपोआप कटतो. अट एकच, सगळ्या डिप सारख्याच खऱ्या किंवा सारख्याच खोट्या हव्यात.

मी एका दिवसाचे कच्चे आकडे काढले. काट्यावरचं संकलन : नऊ २,२००, अकरा १,८००, बारा १,५००, चौदा २,५००. एकूण ८,००० लिटर. डिप अनुक्रमे २,१८९, १,७४६, १,४९३, २,४६३. भुईकाट्यावर निव्वळ ८,२१० किलो, म्हणजे ७,९७१ लिटर. सगळ्या रूटची, म्हणजे टँकरच्या चारही केंद्रांची मिळून, तूट २९ लिटर. आणि आमचा तक्ता एकट्या अकरा नंबरला ३६ लिटर तूट लावत होता, दोन टक्के, लालभडक! चौघांच्या मिळून तुटीपेक्षा एकाची तूट जास्त. तीन महिने हा तक्ता दर बैठकीला पडद्यावर होता, आणि त्या खोलीत दोन सनदी लेखापाल बसतात.

अकरा नंबरची डिप काट्याच्या ९७ टक्के येत होती, नऊ आणि बाराची साडेनव्व्याण्णव. चौदाची साडेअठ्ठ्याण्णव होती, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही. अकराचंच डोक्यात होतं.

मग रकान्यांची यादी वरपासून वाचली. केंद्रावरच्या नोंदीत शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत माहिती ओढताना मी तो पहिल्याच पायरीत उडवला होता, कारण त्यात नुसती इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी दिसायची. केंद्रावरचं सॉफ्टवेअर जुनं, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटवर चालणारं. तो फाँट संगणकावर नसेल तर मराठी मजकूर असा कचऱ्यासारखाच दिसतो. रात्री जुन्या यंत्रावरून फाँट आणला, एक्सेलमध्ये तो रकाना निवडला, फाँट लावला.

‘फरशी खचली टाकी कलली डिप कमी येते लेव्हल करून मिळावी.’ पहिली नोंद ९ ऑगस्टची. त्यानंतर तेच वाक्य कधी थोडं लांब, कधी नुसतं ‘टाकीचे बघा’. एकूण चौदा वेळा.

सकाळी सातला केंद्रावर पोचलो. सचिवांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी चहा विचारला, पण नजर दिली नाही. ठरावाची कुणकुण त्यांना लागलेली होतीच. रांग संपेपर्यंत मी थांबलो. मग अण्णांनी ढवळणी बंद केली, दुधावरची हालचाल आणि फेस बसेपर्यंत पाच मिनिटं जाऊ दिली, डिपस्टिक कोरड्या फडक्याने पुसून सरळ सोडली, बाहेर काढून उजेडाकडे धरली. पद्धतीत काडीची चूक नव्हती. टाकीचा पलीकडचा पाय मात्र फरशीसकट खाली गेला होता आणि त्याखाली कोणीतरी विटेचा तुकडा सारला होता. गवंड्याची लेव्हलची नळी टाकीच्या दोन्ही काठांना धरली. दोन टोकांत ३६ मिलिमीटरचा फरक. डिपस्टिकची जागा उचललेल्या टोकाला. म्हणजे टाकीच्या मध्याच्या मानाने तिथे दूध १८ मिलिमीटर कमी खोल, आणि चार्टवर त्या उंचीला मिलिमीटरमागे अडीच लिटर. १८ गुणिले अडीच, ४५ लिटर. चार्ट टाकी सपाट असतानाचा.

“साहेब, तीनदा फोनवर सांगितलं,” अण्णा म्हणाले. “तिकडून म्हणाले, सिस्टीममध्ये टाका. टाकलं.”

बैठकीत नुसती नळीची गोष्ट चालली नसती. वाहतूक विभागाला गळ घालून त्या दिवशी टँकर फक्त अकरा नंबरचं दूध घेऊन आणवला. बाकी तिघांसाठी दुसरी गाडी, म्हणजे जादा खर्च, आणि त्यावरून एक वेगळं भांडण, ते असो. काट्यावर १,८०० लिटर होतं. भुईकाट्यावर १,८५० किलो आलं, म्हणजे १,७९६ लिटर. चार लिटरचा फरक. तोही खरा का खोटा सांगता येणार नाही, कारण आमचा भुईकाटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो आणि १,८५० किलोवर दहा किलो म्हणजेच अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. अर्ध्या टक्क्याची हिरवी रेघ मी ज्या यंत्राच्या भरवशावर ओढली, त्याला एका केंद्राच्या दुधावर अर्धा टक्का दिसतच नव्हता.

बैठक अर्ध्या तासात संपली. ठराव मागे. ‘सिस्टीममध्ये चूक होती’ एवढंच इतिवृत्तात आलं. सिस्टीमने तिला सांगितलं तेच केलं होतं. टाकीच्या पायांना आटे असतात. फिटरने रिकाम्या टाकीखाली जॅक लावून, फरशीत काँक्रीट भरून ती सपाट केली, काम एका दुपारचं. ऑगस्टमध्येही एका दुपारचंच होतं.

डॅशबोर्डमध्ये मी नंतर जे बदललं ते असं : आधी रूटचा ताळमेळ, मगच केंद्रनिहाय वाटणी. रंग दोन्ही बाजूंनी, अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त वाढ आली तरी लाल. साठवायचं ते मूळ माप, म्हणजे डिपचे मिलिमीटर आणि काट्याचे किलो. लिटर नंतर काढायचे. १.०३ हा आकडा सूत्रात पुरून न ठेवता वेगळ्या तक्त्यात, तारखेसह. वाटलेल्या आकड्यापुढे ‘अंदाज’ असा शब्द, तो संचालकांना आवडलेला नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक केंद्राचा टँकर एकटा.

या शेवटच्या नियमानेच चौदा नंबर सापडलं. अकराची डिप सुधारल्यावर वाटणीतला तिचा खोटा तुटवडा गेला आणि इतके दिवस हिरवं असलेलं चौदा एका रात्रीत पिवळं झालं. एकट्या टँकरला २,५०० लिटरच्या जागी २,५५० किलो, म्हणजे २,४७६ लिटर. जवळपास एक टक्का कमी, रोज. या वेळी टाकी सपाट होती. काट्यावर वैधमापनचा शिक्का चालू तारखेचा, २० किलोचं वजन ठेवलं तर बरोबर २० किलो. मग सेटिंग उघडली. लिटरसाठीची घनता १.०२ भरलेली होती. २,५५० भागिले १.०२, बरोबर २,५००. काटा किलोला खरा होता आणि लिटरला उदार.

म्हणजे चोरी इथेही नव्हती. रोज चोवीस-पंचवीस लिटर दुधाचे पैसे संघ शेतकऱ्यांना जास्त देत होता, आणि ती तूट अकरा नंबरच्या कललेल्या टाकीच्या आड लपलेली होती. सेटिंग कोणी बदलली, बसवतानाच तशी होती का, काहीच कळायला मार्ग नाही, कारण काटा त्याची तारीख ठेवत नाही. आम्ही १.०३ केलं. आता वरून विचारणा आली आहे, चौदा नंबरच्या सभासदांकडून मागचा फरक वसूल करायचा तर किती बिलांचा तक्ता काढता येईल. किती बिलांचा काढू? मी अजून उत्तर दिलेलं नाही. अकराच्या वसुलीसाठी तक्ता मागितला तेव्हा मी एका तासात काढला होता.

शेरा रकाना आता पहिल्या पानावर सगळ्यात वर असतो, वाचता येईल अशा मराठीत. चौदा नंबरचा तो रकाना महिनोन्महिने रिकामाच होता. सेटिंग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यात पहिली नोंद आली : ‘मापाचे कारणाने आज ३ सभासद दूध परत घेऊन गेले.’