तुम्ही विचारलंत म्हणून: कोळसा धुतात म्हणजे काय?

लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतंच, तुम्ही धनबादला कोळसा धुवायचात म्हणे, पण कोळसा उगाळावा तितका काळाच ना, धुवून काय गोरा होणार? मग हशा. आता एकदाचं लिहूनच टाकतो.

काळेपणाशी आमचं भांडण नव्हतंच हो, भांडण दगडाशी. धनबादजवळच्या झरियाचा कोळसा कोकिंग, म्हणजे हवा न लागू देता हजारेक डिग्रीला तापवला की तो मऊ होतो, फुगतो आणि त्याचा टणक कोक होतो, जो ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे लोखंड करायच्या भट्टीत, वरच्या लोहखनिजाचा भार पेलतो. (आपल्या चंद्रपूरच्या कोळशाचा असा कोक होत नाही, म्हणून तो वीज करायला जातो.) पण झरियाच्या मालात माती इतकी की जाळला तर 25-30 टक्के राखच, आणि ती राख भट्टीत वितळवायला चुनखडी जास्त, कोकही जास्त.

कोकणात भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट वर येतं, भरलेलं खाली बसतं, तसंच हे, फक्त इथे वर येणारं आपलं. साध्या पाण्यात कोळसाही बुडतो, म्हणून पाण्यात मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची, पूड ढवळून ते जड करायचं, साधारण दीडपट. कोळसा तरंगतो, दगड तळाला, मधलं मिडलिंग पॉवर प्लांटला, आणि पूड चुंबकाने परत गोळा. अर्ध्या मिलिमीटरखालच्या भुग्याला हे जमत नाही, तिथे डिझेल घालून फेस काढतात, काळा चकचकीत फेस, बोटाला लागला की दोन दिवस जात नाही.

मी लॅबमध्ये. झिंक क्लोराइड या क्षाराच्या पाण्याच्या बादल्या, 1.4, 1.5, 1.6 घनतेच्या, त्यात नमुना बुडवायचा, तरंगलेला जाळीने काढायचा, वाळवायचा. हातमोजा फाटका असला की बोटांची सालं निघायची. मग एक ग्रॅम भट्टीत 815 डिग्रीला. 0.17 ग्रॅम राख उरली की शिफ्ट खूश, 0.20 आली की फोन सुरू, आणि बोलणी आम्हाला, जसं काही दगड आम्हीच घातला.

खरं तर आपल्या गोंडवाना, म्हणजे फार जुन्या खडकांतल्या, कोळशात गाळ तयार होतानाच बारीक मिसळलाय, कितीही फोडा, थोडा राहतोच. म्हणून ऑस्ट्रेलियाचा कमी राखेचा कोळसा आणून त्यात मिसळतात.

आणि हो, ती उरलेली राख काळी नसते. पांढुरकी, कधी विटकरी.