तिसऱ्या पाळीचं ताट

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा टेबलावर पहिली फाइल आली ती कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्याच्या कार्यक्रमांची. महिन्यातून एकदा सगळ्यांचा मिळून वाढदिवस आणि केक. महिला दिनाला गुलाबाचं फूल. दिवाळीला मिठाईचा बॉक्स. मार्चअखेरीला अधिकाऱ्यांचं हॉटेलात जेवण. त्यातला एकही कार्यक्रम सकाळी दहाच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर झालेला नव्हता. कारखाना मात्र तीन पाळ्यांत, चोवीस तास चालतो.

मी कॅन्टीनची तक्रारवही मागवली. बहुतेक तक्रारी तिसऱ्या पाळीच्या होत्या. ‘चपाती तुटत नाही.’ ‘भात गार.’ ‘ताक संपले असे सांगितले.’ एकाने फक्त तारीख, टोकन नंबर आणि ‘उपाशी’ एवढंच लिहिलं होतं. प्रत्येकीखाली शेरा एकच, ‘नोंद घेतली’.

तिसरी पाळी रात्री बाराला लागते आणि सकाळी सातला सुटते. जेवणाची सुट्टी तीन वाजता. केटररला न कळवता मी एका रात्री गेले आणि कूपन देऊन रांगेत उभी राहिले. स्टीलच्या डब्यात चपात्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. माझ्या पुढच्या मुलाने एक सोडवायला घेतली तर तीन हातात आल्या. त्याने त्या तशाच ताटात ठेवल्या आणि वरणात बुडवल्या. वरणावर पापुद्रा धरला होता. हे सगळं संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या स्वयंपाकाबरोबरच रांधलेलं. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या खाली तासन् तास राहिलं की त्यात जंतू वाढायला लागतात, आणि इथे तर डब्याला हात लावला तरी चटका बसत नव्हता. हीट ट्रीटमेंटला, म्हणजे सुटे भाग भट्टीत तापवून कडक करण्याच्या विभागात, काम करणारे एक जुने कामगार समोर जेवत होते. ते म्हणाले, “मॅडम, कामाचं काही नाही. पण तीन वाजता हे ताट पुढं आलं की वाटतं, आपल्याला हिशेबातच धरलेलं नाही.”

त्यानंतर मी जे काही केलं ते या एका वाक्यासाठी केलं.

सुरुवात कायद्यापासून केली, कारण कारखान्यात नुसत्या सदिच्छेवर काही हलत नाही. तेव्हा आम्हाला लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात २५०हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद होती. पदार्थ, दर्जा आणि वेळा यांवर सल्ला द्यायला कॅन्टीन कमिटी असायची, तिच्यात कामगारांनी निवडून दिलेले सदस्य लागायचे. जागेचं भाडं, इमारतीचा आणि भांड्यांचा घसारा, दिवाबत्ती-पाणी हे खर्च कामगाराच्या ताटाच्या किमतीत धरायचे नव्हते, ते मालकाने सोसायचे होते. आणि १९७६च्या दुरुस्तीपासून ठेकेदारामार्फत आलेला माणूसही त्या कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’च होता. हा शेवटचा मुद्दा मला फार उपयोगी पडला. आमच्याकडे परमनंटचं कूपन वेगळ्या रंगाचं आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं वेगळं होतं. कॉन्ट्रॅक्टच्या कूपनाला ताक आणि गोड मिळत नसे.

कमिटी कागदावर होती. बैठक महिन्यातून एकदा दुपारी दोनला, म्हणजे तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलेला असताना. मी ती सकाळी सातला ठेवली, पाळी सुटतानाच. रात्रपाळीच्या सदस्यांना बैठकीच्या वेळेचा ओव्हरटाइम मिळावा, एवढं मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पैसा मोठा नव्हता, पण ‘जेवणावर बोलण्याचा ओव्हरटाइम?’ हा प्रश्न वर अडून बसला होता. मी तक्रारवहीतलं ‘उपाशी’ लिहिलेलं पान प्लांट हेडसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, आणि सही केली.

केटररचं म्हणणंही खोटं नव्हतं. रात्री ताटं कमी लागतात, तेवढ्यासाठी आचारी ठेवणं त्याला परवडत नव्हतं. प्लेटमागचा दर ठरलेला, त्यात डाळी-तेलाचे भाव चढलेले. शेवटी असं ठरलं, की कणीक आणि भाज्यांची चिराचीर दुसऱ्या पाळीत करून ठेवायची, आणि रात्री एक आचारी व दोन मदतनीस यांनी दोन वाजल्यापासून तव्यावर गरम चपात्या काढायच्या. त्या तिघांच्या पगाराचा भार कंपनीने उचलायचा. अधिकाऱ्यांचं हॉटेलातलं जेवण बंद करून त्याची रक्कम तिकडे वळवली. काही जण माझ्यावर नाराज झाले. दिवाळीच्या बॉक्सला मात्र मी हात लावू दिला नाही. तो कामगाराच्या घरी जातो, मुलं त्याची वाट बघतात.

मग पदार्थांवर चर्चा सुरू झाली आणि इथे खरी गंमत आली. आमच्या फॅक्टरी डॉक्टरांचं म्हणणं, रात्री शरीर साखर आणि तेल दिवसाइतकं सहज पचवत नाही, म्हणून पहाटेच्या चहाबरोबरचा वडा बंद करा. कमिटीत एकच गलका झाला. चार वाजता डोळ्यांवर झापड येते तेव्हा हातात काहीतरी गरम हवं, ही कामगारांची बाजू मलाही पटली. शेवटी वडा आठवड्यातून एकदा ठेवला. इतर दिवशी उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, नाहीतर मुगाची गरम उसळ. जेवणात आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी आली. तेलाच्या बाबतीत मी आणि डॉक्टर ठाम राहिलो. तळणीच्या तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८पासून आहे. ते मोजायचं मीटर आम्ही विकत घेतलं आणि कढईशेजारी टांगलं. कमिटीतला कुणीही येऊन तपासू शकतो. पूर्वी तेल काळं झालंय की नाही यावर वाद व्हायचा, आता आकडा दिसतो आणि वाद मिटतो.

भात हा वेगळाच विषय निघाला. बिहार-झारखंडची मुलं रात्री भातच मागायची, आणि आमचे आचारी महाराज मूठभर वाढून पुढे ढकलायचे. चार चपात्या नको, दोनच द्या आणि भात पोटभर द्या, इतकी साधी मागणी. ती कुणी विचारलीच नव्हती.

सणांकडे मी यानंतर वळले. क्रम मुद्दाम असा ठेवला, कारण रोजचं ताट गार असताना सणाच्या दिवशी वाढलेला श्रीखंडाचा गोळा कुणाला गोड लागत नाही.

खंडेनवमी हा आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सगळ्यात मोठा दिवस. यंत्रं धुऊन-पुसून, पॅनलवर हळदकुंकू, झेंडूची तोरणं, नारळ. घरची माणसं कारखाना बघायला येतात, मुलं वडिलांच्या मशीनपुढे उभी राहून फोटो काढून घेतात. पूजा दहाला व्हायची, साहेबांच्या वेळेने. पण आदल्या रात्री मशीनखाली वाकून कूलंटचा, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, चिकटा आणि लोखंडाचा कीस काढणारी माणसं तिसऱ्या पाळीची. ती सातला घरी जायची आणि त्यांच्या चकचकीत मशीनची पूजा दुसऱ्याच्या हातून व्हायची. आम्ही पहिली पूजा सकाळी सहाला ठेवली. ज्याने मशीन धुतलं, त्यानेच नारळ फोडायचा. त्या वर्षी एका ट्रेनी मुलाने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनच्या दाराला इतकं मन लावून तोरण बांधलं की सुपरवायझर त्याला घाई करेनात. पेढे प्रत्येक पाळीत, प्रत्येक कूपनाला सारखे. कूपनाचे दोन रंग त्याच महिन्यात बंद झाले, त्याआधी होऊ शकले नव्हते.

१७ सप्टेंबरचा अनुभव मला फार जवळचा आहे. बिहार, झारखंड, ओडिशाची मुलं त्या दिवशी विश्वकर्मा पूजा करतात आणि दरवर्षी रजा मागतात. तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं तो. आमच्या लाइनवर लातूर, बीड, नांदेड, परभणीची पोरं भरपूर. दोन्ही गट एकाच मशीनवर आळीपाळीने काम करायचे आणि एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. कमिटीने त्या दिवसाचा स्वयंपाक दोघांवर सोपवला. एकीकडे लिट्टी-चोखा, दुसरीकडे भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. आचारी महाराज बाजूला उभे राहून बघत होते. चोख्यासाठी वांगी नीट भाजली जात नव्हती, तर बीडच्या एकाने सांगितलं की आमच्याकडे भरीत करताना आधी तेलाचा हात लावतात. तिथून जे बोलणं सुरू झालं ते जेवण संपेपर्यंत थांबलं नाही. दरभंग्याच्या मुलाने येसराची आमटी दोनदा मागून घेतली.

रमजानचा प्रश्न वेळेचा होता. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मार्चमध्ये आला तर पुण्याकडे सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी आठला. रोजेदार मशीन सोडू शकत नसत, खिशातल्या खजुरावर रोजा सोडायचे. उपाय सोपा होता: त्या महिन्यापुरता चहाचा ब्रेक सूर्यास्तावर आणायचा, तोही संपूर्ण लाइनचा, म्हणजे रोजेदारांसाठी वेगळी सवलत दिली असं होत नाही. खजूर, कलिंगड आणि पाण्याच्या बाटल्या लाइनशेजारच्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या संध्याकाळी शेजारचे लोक जरा लांब उभे होते. मग एका जुन्या कामगाराने खजूर उचलला आणि म्हणाले, “चला रे, आपला चहा पण आत्ताच आहे.” नवरात्रात उपवास करणाऱ्यांसाठी भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी आणि ताक ठेवतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याने नुसत्या साबुदाणा खिचडीवर नऊ दिवस काढू नयेत, असं डॉक्टर आता आधीच येऊन सांगतात.

वाढदिवसाचा केकही बदलला. महिन्यातून एकदा, त्या महिन्यात वाढदिवस असलेल्यांनी मिळून एक पदार्थ निवडायचा आणि तो सगळ्या पाळ्यांना मिळायचा. परभणीच्या एका मुलाने धपाटे मागितले. महाराजांना जमेनात, तेव्हा त्याने आईला फोन लावून फोन स्पीकरवर ठेवला. माउली तिकडून सांगत होती, “भाऊ, पीठ घट्ट नका मळू, ओल्या कापडावर थापा, पाण्याचा हात लावा अन् मधी भोकं पाडा.” महाराज ‘हो ताई, हो ताई’ करत थापत होते. त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा केकपुढे कधी दिसला नव्हता.

या सगळ्याचा उत्पादनावर किंवा गैरहजेरीवर किती परिणाम झाला, असं वरून विचारलं जातं. गैरहजेरीला शंभर कारणं असतात. येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावास्येला, लातूरची पोरं गावी जाणारच, पेरणी आणि लग्नसराई कॅन्टीनचं ऐकत नाही. त्यामुळे मी तसा आकडा देत नाही. मला दिसतं ते सांगते: तिसऱ्या पाळीत ताटात टाकलेलं अन्न कमी झालं, आणि तक्रारवहीत आता सूचना येतात, ‘कारळाची चटणी ठेवा’ अशा.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. वेतन करार रखडला तेव्हा युनियनने कॅन्टीनवर बहिष्कार टाकला. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. काम चालू ठेवायचं, पण कंपनीचं अन्न घ्यायचं नाही. ताटं मांडलेली, गरम चपात्या काढलेल्या, आणि माणसं कॅन्टीनच्या दाराबाहेर घरचे डबे उघडून बसलेली. वरून मला निरोप आला की आज गुलाबजाम करा, येतील. मी नाही म्हणाले. ज्या ताटाने माणसाला हिशेबात धरल्याचं कळतं, त्याच ताटाने त्याचा निषेध फोडायला गेलं तर पुन्हा कुणी त्या ताटावर विश्वास ठेवणार नाही. पगाराच्या ठिकाणी पगारच लागतो. पुरणपोळीने ती जागा भरून निघत नाही, आणि भरायचा प्रयत्न केला तर तो कामगाराचा अपमान होतो. बहिष्काराच्या काळात मी दाराबाहेर पिण्याच्या पाण्याचे जार आणि सावलीसाठी ताडपत्रीची सोय केली, एवढंच. उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून केटररला रोजचा अंदाज युनियनच्याच प्रतिनिधींनी दिला. करार झाला त्या रात्री तिसरी पाळी आत जेवायला आली, आणि त्या दिवशी मेनू नेहमीचाच होता: चपाती, मटकीची उसळ, भात, वरण, ताक.

सध्या कमिटीपुढे रविवारचा विषय आहे. ओव्हरटाइमला येणाऱ्यांसाठी रविवारी कॅन्टीन बंद असतं, मग गेटबाहेरच्या गाडीवरच पोट भरावं लागतं. केटररने किमान ताटांची हमी मागितली आहे. ठेकेदारांकडून रविवारच्या माणसांची यादी शुक्रवारी दुपारपर्यंत मिळाली तर ती हमी देता येईल. पुढच्या बैठकीला ठेकेदारांनाही बोलावलं आहे, सकाळी सातलाच.