तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन झालंय, तरी पाळी चुकली

हा प्रश्न सहसा आडून येतो. "माझ्या जावेचं ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली, या महिन्यात पाळी आली नाही. दिवस तर राहू शकत नाहीत ना?" जाऊ, नणंद, शेजारीण, नाव कुणाचंही असो, विचारणारी बहुतेक वेळा स्वतःबद्दलच विचारत असते. इंदूरच्या मराठी घरांत या ऑपरेशनाला, म्हणजे मूल नको म्हणून बीज आणणाऱ्या नळ्या बंद करायच्या नसबंदीला, कुणी "टाक्याचं" म्हणतं, कुणी "दूरबीनवालं", पण समजूत सगळीकडे तीच: एकदा केलं की विषय संपला.

उत्तर असं की दिवस राहू शकतात, फार क्वचित. आणि राहिलेच तर ते पोटात नेमके कुठे राहिलेत हे त्याच आठवड्यात कळायला हवं.

किती क्वचित, ते आधी बघू. अमेरिकेत नळ्या बंद केलेल्या १०,६८५ स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० वर्षांत दर १००० बायकांमागे १८ ते १९ जणींना दिवस राहिले, म्हणजे दोन टक्क्यांपेक्षाही कमी. पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनात तो हजारी ७ ते ८ होता, दुर्बिणीतून रबरी रिंग टाकलेल्यांत १७ ते १८, आणि स्प्रिंगची क्लिप लावलेल्यांत ३६ च्या वर. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात पहिल्या दोन पद्धती चालतात, पोटावर छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून रिंग टाकून.

या आकड्यांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितकी पुढे दिवस राहण्याची शक्यता जास्त, कारण मूल होण्याच्या क्षमतेची वर्षं जास्त उरलेली असतात. आपल्याकडे कित्येक जणींचं ऑपरेशन पंचविशीच्या आसपासच उरकलेलं असतं. दुसरी गोष्ट, नळीत गर्भ राहण्याचा धोका वर्षं उलटली म्हणून ओसरत नाही. त्याच अभ्यासात चौथ्या ते दहाव्या वर्षातला धोका पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी निघाला नाही. "सात वर्षं काही झालं नाही, आता काय होणार" या विचारात म्हणूनच खरा घात आहे.

बंद केलेली नळी उघडते कशी, हे समजायला ऑपरेशन जरा जवळून बघावं लागतं. टाक्याच्या पद्धतीत गर्भाशयापासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर नळी उचलून तिचा फास करतात, त्याच्या बुडाशी विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारतात आणि वरचा साधारण १ सेंटिमीटरचा तुकडा कापून काढतात. पुढे धागा विरघळतो, नळीची दोन्ही तोंडं एकमेकींपासून दूर सरकतात आणि आपापली मिटतात. दुर्बिणीच्या पद्धतीत सिलिकॉन रबराची रिंग असते, आतलं भोक जेमतेम १ मिलिमीटर. ती ताणून नळीच्या फासावर सोडतात. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग सुकून जातो आणि नळीचे दोन वेगळे तुकडे होतात.

चुकतं ते इथेच. नळी सुजलेली, जाड किंवा आजूबाजूला चिकटलेली असेल तर रिंगमध्ये तिची पूर्ण जाडी येत नाही, एखादी कड बाहेर राहते. कधी नळीऐवजी तिच्या जवळूनच जाणारा गर्भाशयाचा गोल बंध पकडला जातो. वरून बघताना दोन्ही सारखेच दोरीसारखे दिसतात. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्याने नळी तिच्या टोकाच्या झालरीपर्यंत मागोवा घेऊन ओळखायची असते, कारण झालर फक्त नळीलाच असते. घाईत हीच पायरी गळते. आणि कधी सगळं बिनचूक होऊनही शरीर आपलं काम करतं. मिटलेल्या तोंडांतून एक बारीक वाट पुन्हा तयार होते. यात डॉक्टरचा हात कमी पडलेला नसतो आणि बाईने काही केलेलं नसतं.

चौथा प्रकार वेगळाच आहे. ऑपरेशनच्या दिवशीच गर्भ राहिलेला असतो. पाळीनंतर विसाव्या दिवशी कुणी शिबिरात गेली, लघवीची तपासणी निगेटिव्ह आली, ऑपरेशन झालं आणि पुढची पाळी आलीच नाही. गर्भ रुजल्याशिवाय तपासणीत दिसणारं हार्मोन तयारच होत नाही, मग त्या दिवशीची पट्टी खोटं कसं सांगेल? तिला तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून बाळंतपणाशी जोडून नसलेलं ऑपरेशन पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत करायचा नियम आहे. ऑपरेशननंतरची पहिलीच पाळी चुकली तर सगळ्यात आधी हीच शक्यता तपासावी.

आता मुख्य गोष्ट. एरवी १०० गर्भारपणांत एक-दोन गर्भाशयाबाहेर राहतात. वर सांगितलेल्या अभ्यासात ऑपरेशननंतर एकूण १४३ जणींना दिवस राहिले आणि त्यांतल्या ४७ जणींचा गर्भ गर्भाशयाबाहेर होता. जवळजवळ तीनांत एक. ऑपरेशनामुळे दिवस राहण्याचंच प्रमाण इतकं खाली येतं की कुठलंही साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा ऑपरेशन झालेल्या बाईला हा धोका एकूणात कमीच असतो. पण दिवस राहिलेच तर मात्र गर्भ नळीत असण्याची शंका आधी घ्यायची.

याचं कारण मापात आहे. शुक्रजंतूचं डोकं मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचं, तीन ते पाच. बीज त्याच्या कित्येक पट मोठं, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. नळीत नव्याने झालेली वाट म्हणजे बारीक चाळणी समजा. मैदा खाली उतरतो, साबुदाणा वरच राहतो. शुक्रजंतू पलीकडे पोहोचतो, बीज फळतं, पण फळलेलं बीज परत गर्भाशयाकडे येऊ शकत नाही. ते नळीतच रुजतं. नळी गर्भाशयासारखी ताणत नाही. सहा ते आठ आठवड्यांत, कधी थोडी उशिरा, ती फुटते आणि रक्त पोटात साठू लागतं.

तर पाळी ठरल्या तारखेच्या वर आठवडाभर लांबली की मेडिकलच्या दुकानातून तपासणीचं कार्ड आणा. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिले तितकेच थेंब टाका, सांगितलेली पाच मिनिटं थांबा. दुसरी रेघ पुसट असली तरी ती रेघच आहे. निगेटिव्ह आलं आणि तरीही पाळी आली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा, नाहीतर सरळ रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याचं हार्मोन, तपासून घ्या. नळीतल्या गर्भात हा आकडा कमी असू शकतो. आणि एक फसवी गोष्ट: नळीत गर्भ असताना थोडं, गडद तपकिरी रक्त जातं आणि बाई त्यालाच पाळी समजते. "पाळी आली, पण नेहमीसारखी नाही, थोडीच आली" असं वाटलं तरी कार्ड करा. चाळिशी उलटलेल्यांनी तर विशेष. "आता पाळी जायचंच वय आहे" म्हणत दोन-दोन महिने काढले जातात.

कार्ड पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा आणि सोनोग्राफी योनीमार्गातून करायला सांगा, पोटावरून केलेलीत इतक्या लवकर दिसत नाही. ओळखपत्र सोबत ठेवा, गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने फॉर्म भरावा लागतो. बीटा एचसीजी १५०० ते २००० च्या पुढे गेला असताना गर्भाशय रिकामं दिसलं तर संशय बळावतो. आकडा त्याखाली असेल तर ४८ तासांनी पुन्हा रक्त तपासतात. नीट वाढणाऱ्या गर्भात तो साधारण दीडपटीच्या पुढे जायला हवा.

आणि हे कळकळीने सांगते: सोनोग्राफी होईपर्यंत गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नका. घरात कुणाला कळायच्या आत प्रकरण मिटवावं म्हणून नवराच दुकानातून पाकीट आणतो. त्या गोळ्या गर्भाशयातल्या गर्भावर चालतात, नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. पण रक्तस्राव तर होतो. झालं, मोकळी झाले, असं वाटतं. नळीतला गर्भ तिथेच वाढत राहतो आणि पंधरा दिवसांनी नळी फुटते, तेव्हा डॉक्टरला सांगितलं जातं की "पाळी तर येऊन गेली."

नळी फुटल्याची खूण म्हणजे ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ, डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम, पांढरी पडलेली जीभ आणि नखं, शौचाला लागल्यासारखी भावना. खांद्याच्या टोकाला दुखणं हे फार बोलकं लक्षण आहे. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. बायका त्याला गॅस समजतात. अशा वेळी सोडा-लिंबू नको, दुखण्याची गोळी नको, सकाळपर्यंत वाट पाहणं तर नकोच. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्री ऑपरेशन थिएटर सुरू असतं व रक्त मिळतं अशाच दवाखान्यात जा. इंदुरात रात्री-अपरात्री एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव सरकारी रुग्णालय, आहेच. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. पोचल्यावरचं पहिलं वाक्य हेच असू द्या: "नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पाळी चुकली आहे." लाजेने हे मागे राहतं आणि निदान अपेंडिक्सच्या दिशेला भरकटतं.

नळी फुटलेली नसेल, गर्भाचे ठोके दिसत नसतील, आकार साधारण साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि बीटा एचसीजी ५००० च्या खाली असेल तर गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देता येतं. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात, त्या दोन आकड्यांत किमान १५ टक्के घट दिसावी लागते, आणि पुढे आकडा शून्याला येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. या काळात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद. पण ऑपरेशन झालेल्या बाईला पुढे मूल नको असतं, म्हणून तिच्या बाबतीत दुर्बिणीतून ती नळीच काढून टाकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (बाळाच्या वेगळ्या रक्तगटाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात) विसरू देऊ नका.

गर्भ गर्भाशयात नीट असेल तर? ऑपरेशनामुळे बाळात व्यंग येत नाही. ठेवायचं असेल तर हे इतर कुठल्याही बाळंतपणासारखंच. नको असेल तर गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणं हे गर्भपाताच्या कायद्यात मान्य कारण आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेले की घरात पहिला संशय तिच्यावर घेतला जातो. या भीतीपायी ती पंधरा दिवस तोंड मिटून बसते, आणि नळीतल्या गर्भाला नेमके तेच पंधरा दिवस हवे असतात. सासरच्यांना दाखवायला कागद हवा असेल तर तो त्यांच्याच घरात आहे: ऑपरेशनच्या आधी सही केलेलं संमतिपत्र. त्यात लिहिलेलं असतं की ऑपरेशन अपयशी ठरण्याची शक्यता आहे, आणि पाळी चुकल्यास दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात कळवावं, गर्भपात मोफत होईल. सही करताना ते कुणी वाचत नाही. आज काढा आणि वाचा.

सरकारी किंवा मान्यताप्राप्त खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं असेल तर ते फेल गेल्यावर भरपाई मिळते, ६०,००० रुपये. दिवस राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. ज्या संस्थेत ऑपरेशन झालं तिथून किंवा जिल्ह्याच्या सीएमएचओ (मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयातून फॉर्म मिळतो. सोबत नसबंदीचं प्रमाणपत्र, संमतिपत्राची प्रत, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बँकेचं पासबुक. प्रमाणपत्र ऑपरेशनच्या दिवशी हातात पडत नाही, महिन्याभराने किंवा पहिल्या पाळीनंतर तपासणीला गेलं की देतात. कित्येक जणी ते आणायला परत जातच नाहीत आणि दावा तिथेच अडतो. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा खटला ही मात्र वेगळी बाब. केवळ दिवस राहिले म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं आहे. ऑपरेशनच्या वेळची चूक स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

शेवटी दुसऱ्या नळीचं. एका बाजूची नळी काढली तरी दुसरी आत असते, आणि तिच्यावरही त्याच दिवशी त्याच हातांनी काम झालेलं असतं. थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जनला विचारा, "दुसरी बाजू बघणार का, आणि तीही काढणार का?" आणि ते उत्तर डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.