गोधडीखालचं सोलर

कोथरूडला दिरांची सोसायटी पुनर्विकासाला गेली, तेव्हा गच्चीवरचं पाणी तापवायचं सोलर भंगारात निघालं. आत तांबं किती, एवढाच भंगारवाल्याचा हिशोब. त्याच भावाने आम्ही दोन पॅनल उचलले आणि टेम्पोत गाद्या घालून साताऱ्याला आणले. टाकी मुद्दाम घेतली नाही, ती आतून कुजून गळत होती.

पॅनल म्हणजे तसं साधं प्रकरण. साधारण २ चौरस मीटरची पेटी, वर काच, आत काळ्या पत्र्याला चिकटलेल्या तांब्याच्या उभ्या नळ्या, आणि खाली-वर एकेक जाड आडवी नळी. झिजण्यासारखं फारसं काही नाही, तुंबण्यासारखं मात्र आहे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं क्षारांचं पाणी.

पॅनल भिंतीला टेकवून खालची तोंडं बंद केली आणि कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून वरून ओतलं. सोड्याची बाटली उघडावी तशी फसफस झाली. तीन वेळा असं केल्यावर खालून वाटीभर खपल्या निघाल्या, अंड्याच्या टरफलासारख्या. मग पंपाने पाणी दाबून बघितलं, तर एका सांध्यावर हिरवट डाग होता तिथेच थेंब धरला. प्लंबर म्हणाला, "ताई, टाका हे." गल्लीतल्या फ्रिज दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत ब्रेझिंग करून, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधा भरून दिला! पेटीतली ऊब टिकवणारं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, ओलं होऊन बसलं होतं; ते मी उघड्या हातांनी काढलं आणि दोन दिवस खाजवत बसले. नवं घालताना हातमोजे आले.

तोंड दक्षिणेला, कोन ३० अंश. साताऱ्याचा अक्षांश १८ च्या आतच आहे, पण गरम पाण्याची खरी गरज थंडीत, आणि तेव्हा सूर्य खालून जातो; म्हणून दहा-बारा अंश वाढवले. नवी २०० लिटरची टाकी पॅनलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच बसवली. पंप नाहीच, तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खालून पॅनलमध्ये येतं. जोडणी होईपर्यंत पॅनलवर सासूबाईंची जुनी गोधडी टाकून ठेवली होती. रिकाम्या, तापलेल्या पॅनलमध्ये गार पाणी सोडायचं नव्हतं.

गोधडी काढली, दिवसभर कडक ऊन पडलं, आणि संध्याकाळी नळाला पाणी आलं ते कोमटच. वर जाऊन पाहते तर पॅनलच्या वरच्या नळीला चटका बसतोय आणि टाकी गार. प्लंबरला परत बोलावलं. त्याने टाकीकडे जाणारा पाईप कठड्यावरून उचलून पलीकडे खाली घेतला होता. त्या उंचवट्यात हवा अडकली होती. "चढच पाहिजे ताई, मधे उतार नको," हे त्यानेच मला समजावलं, जसं काही पाईप मीच घातला होता! कठड्याला भोक पाडून पाईप सरळ चढता केला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बादलीत विसण घालावं लागलं.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला गिझरला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. आता गिझर लागतो तो पावसाळ्यात.

दुसऱ्या पॅनलची काच मात्र अजून सकाळी आतून धुरकटते. जुनं रबर कडक झालंय, मी तेच परत बसवलं. दहा वाजेपर्यंत काच स्वच्छ होते, म्हणून दिवाळीपर्यंत ते काम ढकललंय.