लिओनॉव्हची बारा मिनिटं आणि व्होस्खोडमधली अपुरी जागा

अलेक्सी लिओनॉव्ह म्हटलं की १८ मार्च १९६५ आणि यानाबाहेर पडलेला पहिला माणूस, एवढं सांगून लोक मोकळे होतात. धाडसाचं कौतुक आहेच. पण उद्यमनगरात रोज गेज, सील आणि गॅस्केटशी झटापट करणाऱ्या कोल्हापूरकरानं ही मोहीम जरा खोलून बघावी. तिच्यातल्या बऱ्याच भानगडींचं मूळ एकच आहे: जागा पुरली नाही.

व्होस्खोड-२ हे काही कोऱ्या कागदावर आखलेलं यान नव्हतं. गागारिन ज्या व्होस्तोकमधून गेला, त्याचाच २.३ मीटर व्यासाचा गोळा. एका माणसाची इजेक्शन सीट काढून त्यात पावेल बेल्यायेव आणि लिओनॉव्ह असे दोघं बसवले. त्यासाठी खुर्च्या ९० अंशांत फिरवल्या, पण उपकरणं आणि यानाची दिशा जुळवायचं साधन राहिलं जुन्याच जागी. हे ध्यानात ठेवा, उतरताना इथंच घोडं अडलं.

दुसरी अडचण थंडाव्याची. आतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं केबिनमधल्या हवेनं थंड राहायची, त्यामुळं हवा सोडून सरळ दार उघडणं शक्यच नव्हतं. अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातून एड व्हाइट त्याच वर्षी जूनमध्ये तसाच बाहेर पडला. रशियनांनी म्हणून यानाच्या दारावर ‘वोल्गा’ नावाचा फुगवायचा एअरलॉक, म्हणजे आतबाहेर दार असलेली मधली खोली, बसवला. घडी केल्यावर ०.७ मीटर, फुगल्यावर २.५ मीटर लांब, आतला व्यास १ मीटर, वजन २५० किलो. त्याचा आकार धरून ठेवायला हवेच्या ४० नळ्या, त्याही तीन स्वतंत्र गटांत. एखादा गट गळला तरी डोलारा कोसळू नये, हा हिशेब. घाईगडबडीच्या त्या काळातलं हे काम मला तरी फार देखणं वाटतं.

आता सूट. ‘बेर्कुट’ सूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन सुमारे ०.४ वातावरण दाबावर (जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या ०.४ पट) असायचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४०० ग्रॅमचा रेटा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरा आणि एका जागी दुमडून बघा. दुमडताना आतली जागा कमी होते, म्हणजे हवा दाबायचं काम तुमच्या हाताला करावं लागतं. सूटचं कोपर, गुडघा, बोटांचं प्रत्येक पेर, सगळीकडं हीच कुस्ती. त्यात बाहेर निर्वात असल्यानं सूट ताठ झाला आणि फुगला. बोटं हातमोज्याच्या टोकांपासून सुटली, पाय बुटांत सैल झाले. मांडीवरच्या स्विचनं छातीवरचा कॅमेरा चालवायचा होता, तिथवर हातच पोचेना.

१२ मिनिटं ९ सेकंद बाहेर काढून तो परत फिरला, तर एअरलॉकमध्ये शिरता येईना. सूटच्या रेग्युलेटरला दुसरी, कमी दाबाची जागा होती: ०.२७ वातावरण. दाब असा अचानक उतरवला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. पण बराच वेळ शुद्ध ऑक्सिजनवर असल्यानं त्याच्या अंगातला पुष्कळसा नायट्रोजन निघून गेला होता. जमिनीवर न विचारता त्यानं दाब उतरवला. त्यातही तो पायांऐवजी डोक्याकडून आत शिरला. बाहेरचं दार लावायचं तर उलटं फिरणं भाग, तेही एक मीटरच्या नळकांड्यात, ताठ सूटमध्ये. घामानं तो आतून निथळत होता.

एअरलॉक टाकून दिल्यावर यानाचं दार नीट बसेना. गळती भरून काढायला यंत्रणा ऑक्सिजन सोडत राहिली आणि केबिनमध्ये त्याचं प्रमाण वाढत गेलं. अशा हवेत एक ठिणगीही जिवावर बेतते.

मग उतरायच्या वेळी दिशा जुळवणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. बेल्यायेवला हातानं यान वळवायचं होतं, पण खुर्चीतून दिशा जुळवायचं साधन दिसेना. तो खुर्च्यांवर आडवा झाला, लिओनॉव्हनं त्याला धरून ठेवलं. दिशा जुळली, पण इंजिन पेटवण्याआधी दोघांनी आपापल्या जागी परतणं आवश्यक होतं, नाहीतर यानाचा गुरुत्वमध्य सरकतो. त्यात ४६ सेकंद गेले. सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर या वेगानं गुणा: जवळपास ३६० किलोमीटर. यान प्रत्यक्षात ३८६ किलोमीटर चुकलं. कोल्हापूरहून मुंबईला गाडीनं जाताना पडतं, साधारण तेवढं अंतर. एकूण चुकीचा मोठा वाटा त्या खुर्च्यांचा, हे गणितच सांगतं.

यान पडलं पर्म भागातल्या बर्फाळ अरण्यात. हेलिकॉप्टर उतरवायला मोकळी जागा नाही. दोन रात्री तिथंच काढून दोघं स्कीवरून बाहेर पडले.

लिओनॉव्हची पुढची कारकीर्दही थरारकच. १९७१ च्या सोयूझ-११ यानासाठी त्याचा संघ ठरला होता. सहकारी कुबासोवच्या फुप्फुसात क्षयाचा संशय आला आणि राखीव संघ गेला. परतताना झडप उघडून केबिनमधली हवा गेली आणि ते तिघं मृत्युमुखी पडले. अंगात प्रेशर सूट नव्हते, कारण सूट घालून तिघं मावत नव्हते. पुन्हा तोच जागेचा प्रश्न. त्यानंतर सोयूझमधून दोघंच, पण सूट घालून जाऊ लागले. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेच्या अपोलो यानाशी जोडणी करणाऱ्या सोयूझ-१९ मध्येही दोघंच होते: लिओनॉव्ह आणि तोच कुबासोव.