सायलेन्सर बदलला अन् एसी बंद पडला

गाडी कोणती ते सांगत नाही, कारण पुढे सर्विस सेंटरवाल्यांना थोडं बोलायचंय. एवढंच सांगतो की दोन दरवाजे, टर्बो पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली, पण कंपनीची वॉरंटी दीड वर्ष बाकी होती. जळगावात अशी गाडी घ्यायची म्हणजे मुळातच येडेपणा भो, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतं आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला सीटवर बसलं की पाठ भाजून निघते. तरी घेतली. आणि घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी खटकलं ते म्हणजे आवाज, आवाजच नाही ना! मामांचा केळीच्या मळ्यातला ट्रॅक्टर याच्यापेक्षा भारी वाजतो.

मग पुण्याला एका एक्झॉस्टवाल्याकडे गेलो. त्याने सरळ फुल पॅकेजच पुढे ठेवलं, कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला डाउनपाइप, त्याच्यावर स्टेज टू रीमॅप, म्हणजे ईसीयूचं, इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलायचं, आणि मागे पूर्ण कॅटबॅक, म्हणजे कॅटच्या मागचा सगळा पाइप सायलेन्सरसकट. मी म्हटलं थांब, आधी वॉरंटीचं बोल, तर म्हणे कंपनी काही करू शकत नाही, कायदा आहे. हा कायदा मी पण यूट्यूबवर शंभर वेळा ऐकलाय. तो अमेरिकेतला, १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा, तिथे बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्याच पार्टमुळे झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. चांगला कायदा आहे, पण आपली गाडी एमएच १९ आहे, टेक्सासची नाही. आपल्याकडे तुमच्या वॉरंटी बुकलेटात काय छापलंय ते बघायचं आणि भांडण झालंच तर ग्राहक आयोग.

म्हणून मी घरी येऊन बुकलेट वाचलं, जे आयुष्यात पहिल्यांदा केलं. त्यात 'गाडीत बदल केल्यास वॉरंटी रद्द' असं कुठेच नव्हतं, बदलामुळे झालेलं नुकसान कव्हर नाही असं होतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तुमची एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचा कागद वेगळा वाचा, ती बऱ्याचदा जास्त कडक असते.

आता पाइप कुठून बदलायचा यावर सगळं अवलंबून आहे. टर्बोच्या मागे डाउनपाइप, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या पुढे-मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर, मग रेझोनेटर, म्हणजे आवाजाची घरघर मारणारा डबा, आणि शेवटी आपला सायलेन्सर. कॅट काढला की मागचा सेन्सर बोंब मारतो, पी०४२० कोड येतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो. तो दिवा दाबायला रीमॅप, आणि रीमॅप केला की इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स सगळ्यावर कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. सर्विसला जाताना परत स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, टाकली तरी बऱ्याच गाड्यांत ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला त्याचा हिशोब आत राहतो, त्यामुळे कोणाला कळणार नाही या भ्रमात राहू नका. वरून पीयूसीची बोंब ती वेगळी.

मी फक्त शेवटचा डबा बदलला, म्हणजे अ‍ॅक्सल-बॅक. कॅट तसाच, सेन्सर तसेच, ईसीयूला हात नाही. ३०४ ग्रेडचं स्टील, आणि मुख्य अट म्हणजे नट-बोल्टवर बसणारा, कापून वेल्डिंग नको. कंपनीचा पाइप एकदा कापला की परत फिरायचा रस्ता संपला. पॉवर किती वाढली? शून्य धरा. टर्बो गाडीत शेवटच्या डब्याने काही होत नाही, पैसे आवाजाचे. जुना सायलेन्सर घरी आणला तर शेजारच्या आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "इतला पैसा देईसन आवाज इकत ली उना का रे?" काय बोलणार, खरंच होतं ते.

आणि मेमध्ये एसी गेला.

भर दुपारी, धुळ्याहून येताना, पारोळ्याच्या पुढे. कॉम्प्रेसर. सर्विस सेंटर जळगावात नाही, त्यामुळे अजिंठा घाट चढून दीडशे-एक किलोमीटर खिडक्या उघड्या ठेवून संभाजीनगरला गेलो, वर नव्या सायलेन्सरचा आवाज सरळ कानात. तिथल्या अ‍ॅडव्हायझरने गाडी लिफ्टवर घेतली, मागे बघितलं आणि म्हणे, सर, आफ्टरमार्केट एक्झॉस्ट आहे, वॉरंटी संपली. मी म्हटलं दादा, कॉम्प्रेसर बॉनेटखाली बेल्टवर फिरतो, सायलेन्सर डिकीखाली लटकतो, त्यांची भेट कुठे झाली? तो म्हणे सिस्टिममध्ये तसंच आहे.

मी आवाज चढवला नाही. फक्त म्हटलं की वॉरंटी नाकारताय हे कारण आणि बुकलेटातला क्लॉज टाकून ईमेलवर द्या. तिथे गाडी अडली. चार दिवस कोणी लिहून देईना, पाचव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला की क्लेम अप्रूव्ह झालाय. बस. जळगाव-संभाजीनगर दोन चकरा, एक एसटीने, तो खर्च कोणी भरून दिला नाही, आणि हक्क असूनही माणूस थकून सोडून देतो तो इथेच.

पण सगळीकडे मीच बरोबर होतो असंही नाही. नव्या पाइपचं तोंड बंपरच्या जरा जास्तच जवळ आलं होतं, त्या उन्हाळ्यात मागचं प्लास्टिक वितळून लाटेसारखं झालं. ते मी विचारलं पण नाही, माझ्या खिशातून बदललं, कारण तो थेट पाइपचाच प्रताप.

आरटीओचं पण ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आवाज-प्रदूषणाचं कलम लागलं तर १० हजारापर्यंत. बुलेटवाल्यांचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातलेले तुम्ही बघितलेच असतील. इन्शुरन्सवाल्यांना पण कळवा, नाहीतर अपघातात तेही हेच कारण काढतील.

खरं सांगू तर ८० च्या स्पीडला आत असा घुमघुम आवाज येतो की बायको पुढे बसायला तयार नाही, आणि जुना सायलेन्सर परत लावायचा विचार चाललाय. दोन तासांचं काम आहे. पण तो माळ्यावर आहे, आईने त्याच्यावर बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा ठेवलाय, आणि डबा रिकामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं बजावलंय.