गुलमर्गचा एक हिवाळा, तंगमर्गच्या खोलीतून

१३ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी झेलम एक्स्प्रेसने पुणं सोडलं आणि मार्चच्या मध्यावर परत आले. मधले तीन महिने गुलमर्गला नोकरी केली, खाली तंगमर्गला भाड्याने राहिले आणि स्की शिकले. आठ दिवस काश्मीर फिरून आलेले लोक पुण्यात सोसायटीगणिक सापडतील. पण हिवाळाभर तिथे राहायला जायचं तर काय करावं लागतं, हे सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. तेव्हा माझं वय २३ होतं. त्याआधी घराबाहेर कधी राहिले नव्हते आणि बर्फ फक्त फोटोत पाहिलेला होता.

नोकरी फोनवरच ठरली. गुलमर्गच्या एका हॉटेलला मराठी ग्रुप सांभाळायला कोणीतरी हवं होतं. महाराष्ट्रातून इतके ग्रुप जातात की काही टूरवाले स्वैपाकीसुद्धा बरोबर नेतात. पगार १८ हजार, राहणं-जेवण हॉटेलचं, असं बोलणं झालं. पोचल्यावर कळलं की राहणं म्हणजे चादरी-उशांच्या कोठीखोलीत तिघींच्या गाद्या, आणि खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवणारी लाकडाची शेगडी, नाही. पहिल्या रात्री दोन स्वेटर घालून, दोन रजया घेऊन झोपले तरी पाय गरम झाले नाहीत. चौथ्या दिवशी मी खोली शोधायला खाली उतरले.

एक गोष्ट जाण्याआधी समजून घ्या. गुलमर्ग हे आपल्या अर्थाने गाव नाहीच. २,६५० मीटरवरचं ते एक मोठं कुरण आहे. त्यावर हॉटेलं, गोंडोलाचं म्हणजे केबल कारचं स्टेशन, टेकाडावरचं चर्च, गोल्फचं मैदान आणि जिची सुरुवात १९४८ मध्ये स्की शाळा म्हणून झाली ती लष्कराची प्रशिक्षण संस्था. तिथे राबणारी बहुतेक माणसं संध्याकाळी १३ किलोमीटर खाली तंगमर्गला किंवा आसपासच्या गावांत घरी जातात. तेव्हा खोली तंगमर्गलाच बघा आणि रोज शेअर सुमोने वर जा. बर्फ पडला की चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात. त्या दिवशी घरून तासभर लवकर निघावं लागतं.

मला हॉटेलच्या हिशेबनिसाच्या ओळखीने एका कुटुंबाकडे वरची खोली मिळाली, महिना ६ हजार, एक वेळचं जेवण धरून. घरमालकांना मी चाचा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला चाची. खोली बघायला जाल तेव्हा खिडकीतून डोंगर दिसतो का, हे शेवटी बघा. आधी विचारा की बुखारी कुठे आहे, लाकूड कोणाच्या खर्चाने, घरात हमाम आहे का, आणि पाण्याचा नळ गोठतो का. हमाम म्हणजे खालून लाकडं जाळून तापवलेल्या दगडी फरशीची खोली. सगळं घर संध्याकाळी तिथेच येऊन बसतं. वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे नुसत्या इलेक्ट्रिक ब्लँकेटवर विसंबू नका. रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, नाहीतर सकाळी पाइपात बर्फ.

कांगडी, म्हणजे अंगाशी धरायची छोटी शेगडी, वापरायला चाचीने शिकवलं. विलोच्या झाडाच्या बारीक फांद्या विणून केलेली टोपली, तिच्यात मातीचं भांडं, भांड्यात कोळसा. वर राख असते. निखारा उघडा ठेवायचा नाही. गार वाटायला लागलं की छोट्या पळीने राख जराशी बाजूला सारायची, पुन्हा झाकायची. जास्त ढवळलं तर सकाळी पेटवलेली कांगडी दुपारपर्यंतही पुरत नाही. ती फेरनच्या, म्हणजे काश्मिरी सैल लांब झग्याच्या, आत पोटाशी धरून चाची जिना चढायची, भांडी आवरायची, आणि राखेचा कणही सांडायचा नाही. मला तीन आठवडे लागले. बाहेरून आल्या आल्या गारठलेली बोटं कांगडीला लावू नका. ती लाल होऊन सुजतात आणि रात्रभर खाजतात. आधी हात काखेत धरून हळूहळू ऊब आणायची.

याच्याहून गंभीर गोष्ट गॅस हीटरची. एका रात्री मी खिडकी घट्ट लावून हीटर चालू ठेवूनच झोपले. पहाटे डोकं फुटेल असं दुखत होतं आणि उठून उभं राहता येईना. चाचीने आवाज ऐकून दार उघडलं, मला ओढत बाहेर आणलं. बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. हीटरवर खोली तापवायची, तो बंद करायचा, खिडकी थोडी उघडायची आणि मग झोपायचं. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

आणि मग बर्फच पडला नाही. २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागला, म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले कडाक्याचे ४० दिवस. थंडी होती, पण आभाळ रोज निळं. अख्खा जानेवारी गुलमर्गचं कुरण तपकिरी दिसत होतं. पर्यटकांना बर्फावरच्या घसरगाडीतून, म्हणजे स्लेजमधून, ओढून नेणारे स्लेज उलटी टाकून तिच्यावर बसून राहायचे. त्यांच्यात चाचांचा मुलगाही होता. ग्रुप रद्द होत गेले, आणि हॉटेलने आमचा जानेवारीचा पगार निम्मा केला. उरलेला निम्मा शेवटपर्यंत मिळाला नाही. फोनवर आईला हे सांगत होते तर ती म्हणाली, “मृग कोरडा गेला की सासवडला तुझे आजोबा असेच ओट्यावर बसून राहायचे.” त्यानंतर मला त्या माणसांकडे बघायची नजरच वेगळी आली. घासाघीस करून स्लेजवाल्याचे ५० रुपये कमी करणारे आपले लोक मी रोज बघत होते. तिथे कमाईचे महिने किती थोडे, हे माहीत असलं तर ते कमी करवणार नाहीत.

म्हणून नोकरी घेताना बर्फ नसला तर पगार किती, हे लेखी घ्या. दोन महिने पुरतील एवढे पैसे स्वतःजवळ ठेवा. आणि स्कीसाठीच जाणार असाल तर डिसेंबरची घाई नको. माझ्या मते जानेवारीच्या मध्यावर पोचावं आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत राहावं.

त्या रिकाम्या दिवसांत चाचीकडे होख स्यून खाल्लं, म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या. दुधीच्या चकत्या, टोमॅटो, वांगी दोऱ्यात ओवून टांगलेली. आपल्या वाळवणांसारखंच. शाकाहारी असाल तर राजमा, हाक (एक पालेभाजी), नदरू (कमळकाकडी) आणि हे, यावर हिवाळा निभतो. पन्हाळीवरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना ते शिशरगांठ म्हणतात. शिशिर तिथे असा ऐकू आला, फार बरं वाटलं.

जानेवारी संपता संपता एका रात्री बर्फ आला. सकाळी चाचा दार उघडून नुसते उभे होते, बोलत नव्हते. फेब्रुवारीत मग भरभरून पडला, आणि पुढे ढकललेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही २१ ते २५ तारखेला झाल्या.

स्की मी रोज कामाआधी दीड तास, खालच्या सौम्य उतारावर शिकले. सामान भाड्याने मिळतं. बूट घेताना वेळ घ्या: टाच आत हलता कामा नये आणि बोटं दुखता कामा नयेत. पहिले चार दिवस स्नो प्लाउच चालतं, म्हणजे टाचा बाहेर ढकलून पायातल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं एकमेकींकडे आणायची आणि वेग कमी करायचा. माझे प्रशिक्षक एकच सांगायचे, नडगी बुटाला टेकव. भीती वाटली की अंग मागे जातं, आणि मागे गेलं की पट्ट्या पळतात. मला सहाव्या दिवशी ते जमलं. नडगीवर बुटाचा दाब आला आणि पट्ट्या मी म्हणेन तिकडे वळल्या. एवढा आनंद मला याआधी कशानेच झाला नव्हता.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. दुसऱ्या टप्प्यावरून स्की करायला नवख्यांनी जाऊ नये. स्पर्धा चालू असतानाच खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर गेला. आखलेल्या वाटेबाहेर जायचं तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), स्थानिक गाइड आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा, यातलं एकही कमी नको.

प्रवासाचं थोडक्यात. मी जम्मूहून बनिहालपर्यंत शेअर गाडीने आणि पुढे ट्रेनने श्रीनगरला गेले. रामबनला दरड पडली की तो रस्ता दिवसभर बंद होतो. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत आहे, तुम्ही तीच घ्या. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. पुण्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. माझा फोन पहिले दोन दिवस बंद होता आणि आईने ते दोन दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. जाड कोट इथून न्या, पण गमबूट तंगमर्गला विकत घ्या. रोजच्या भाड्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

माझे गमबूट मी चाचीकडेच ठेवून आले आहे, ५ नंबरचे. कोणी मुलगी तिकडे राहायला जाणार असेल तर मला कळवा, मी चाचीला फोन करून ठेवीन.